ओढ्यापर्यंतचं गाव

दिगूच्या तळहातावर ओल्या मातीचं एक घर होतं. कौलारू छपराचं, पुढे बोटभर ओटी असलेलं. तो ते माझ्यासमोर धरून उभा होता.

"आता हे एकच राहिलंय," तो म्हणाला. "कुठं ठेवू सांग."

मी देवळाचा कळस नीट करायला वाकले. कळस नीटच होता. मग उठून नदीच्या बाजूला गेले, तिथल्या दोन विटा उगाच हलवल्या, परत जागच्या जागी लावल्या. दिगू आहे तिथंच उभा आहे हे बघून माझं डोकं तडकलं. त्याला म्हटलं, हात दुखत असेल तर खाली ठेव, मला जरा विचार करू दे.

"इच्यार कसला करायचा? तुमचंच घर हाय, तुला म्हाईत पायजे," तो म्हणाला.

तो खोडसाळपणानं बोलला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्ही दोघंही जन्मलो ते गाव पाण्याखाली गेल्यानंतर.

गावाचं नाव पिसवरे. डोंगराच्या कुशीत, नदीच्या काठावर होतं म्हणे. धरण झालं, गाव बुडालं आणि माणसांना उचलून कालव्याकाठच्या सपाट रानात आणून बसवलं. त्याला नाव दिलं नवं पिसवरे. इथं डोंगर नाही, नदी नाही, वारा मात्र चारी बाजूंनी. घरांचे प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते, त्यामुळे कोणाच्या शेजारी कोण येईल याला काही धरबंध नव्हता. आमच्या एका अंगाला गुरवांचं घर आणि दुसऱ्या अंगाला तात्या पाटलांचं. तात्या म्हणजे दिगूचे आजोबा, जुन्या गावचे पोलीसपाटील. आम्ही बौद्ध. दिवाळीत तात्यांच्या घरून कुंपणावरून फराळाचं ताट यायचं आणि आई ते घासूनपुसून, वर मूठभर शेंगा घालून परत करायची. जग असंच असतं आणि असंच होतं, असं मी धरून चालले होते. शाळेत शिकलेलं सगळं ठाऊक होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावात घडलेलं.

त्या वर्षी तालुक्याच्या एका संस्थेतून निशिकांतदादा दर रविवारी आमच्या वसाहतीत यायला लागले. जुनी, खडखडणारी मोटारसायकल आणि खांद्याला शबनम. आठवी ते दहावीतल्या पोरांचा त्यांनी किशोर गट केला. दिवाळीत तालुक्याची किल्ले स्पर्धा असायची. आधीच्या वर्षांत काय व्हायचं, तर किल्ला मोठी माणसं बांधायची आणि पोरांनी विटा आणायच्या. गवंडीकाम करणाऱ्या कोणाच्या तरी काकानं एकदा सिमेंटचा बुरूज केला होता, तो अजून शाळेच्या मागे उभा होता, पोरं त्यावर दप्तरं ठेवायची.

दादांना याचा भयंकर राग होता. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकले. काय करायचं ते पोरं ठरवणार. मोठ्यांनी कशालाही हात लावायचा नाही, लावला तर स्पर्धेतून बाद. आणि पोरांनी विचारल्याशिवाय मोठ्यांनी बोलायचं नाही. हा तिसरा नियम ऐकून माणसं हसली. आमच्या वसाहतीत न विचारता बोलणं हाच मुख्य धंदा होता.

किल्ला नको, आपलं बुडालेलं गाव करू, हे मीच सुचवलं. प्रमुख कोण, यासाठी पोरांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि माझं नाव निघालं. दिगूचा चेहरा उतरला, कारण मातीकामात त्याचा हात धरेल असं कोणी नव्हतं आणि त्याला वाटलं होतं आपणच. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कालव्यातला गाळ डोक्यावर घेऊन आला आणि म्हणाला, हुकूम सोड.

हुकूम सोडायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझ्या पायाला भिंगरी आणि तोंडाला त्याहून मोठी. शाळा सुटली की मी पटांगणावर, जेवण झालं की पटांगणावर. म्हाताऱ्यांना एकेक करून बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं आणि विचारायचं. नदी कुठून यायची, चावडी कुठं, तुमचं दार कुठल्या तोंडाला. ती माणसं सांगायला लागली की त्यांचा आवाजच बदलायचा. गुरवांच्या आक्कांनी देवळामागच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवरून दुसऱ्या एका म्हातारीशी असं भांडण काढलं की दोघी दोन दिवस एकमेकींकडे बघेनात. डोण पिंपळाच्या उजवीकडे की डावीकडे, एवढाच वाद. शेवटी दिगूनं ती बरोबर मध्ये ठेवली आणि दोघीही हिरमुसल्या.

एकेक घर उभं राहत गेलं. दिगू घडवायचा, बाकीची पोरं रंगवायची, मी जागा दाखवायचे. चावडी झाली, मारुतीचा पार झाला, पाण्याची विहीर झाली. अळीव पेरून डोंगर हिरवा केला. नदीच्या उलट्या बाजूला एक ओढा होता असं सगळेच सांगत होते. तो आम्ही प्लास्टिक अंथरून केला आणि त्याच्या काठानं विटांची ओळ लावली. तिथं आमची जागा संपत होती. विटांपलीकडे नुसतं पटांगण.

"तात्या, ओढ्याच्या पल्याड काय हुतं?" मी विचारलं होतं.

तात्यांनी काठीचं टोक जमिनीत रुतवलं. "काय न्हाय. रान. चार बाभळी."

"मग गाव संपलं?"

"संपलं की."

माझा जीव भांड्यात पडला. का पडला, ते मला सांगता आलं नसतं. मात्र त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. घास तोंडात असताना मी उठायचे. पुस्तक उघडलं की वाटायचं पटांगणावर काहीतरी पडलंय, कुत्रं शिरलंय, पाणी गळतंय. जाऊन बघावं तर सगळं जागच्या जागी.

आईला विचारायचं मी लांबणीवर टाकत होते. ती लग्न होऊन पिसवऱ्यात आली होती आणि गाव उठेपर्यंत तिथंच नांदली होती. माझा थोरला भाऊ तिथलाच. वडील मुंबईला गोदामात कामाला, ते वर्षातून दोनदा यायचे. आई रोज खुरपणीला जायची. तिला कमी बोलायची सवय होती आणि बोलली तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल याची खात्री नसायची. सगळी वसाहत पटांगणावर येऊन गेली, पण ती आली नव्हती. शेवटी एकदा ती तुरी निवडत बसलेली असताना मी विचारलं, आपलं घर कुठं होतं?

"पाण्याखाली."

"पाण्याखाली कुठं पण?"

तिनं सूप पाखडलं. "त्या तात्यानं सगळं सांगितलंय न्हवं तुला? त्येलाच इचार."

तात्या आमच्या घराचं काही बोलले नाहीत, असं मी म्हटलं. तिनं वर बघितलं. मग म्हणाली, "मग न्हवतंच म्हण," आणि सूप उचलून अंगणात गेली.

अर्धं मला त्याच क्षणी कळलं. उरलेलं अर्धं कळून घ्यायचं नव्हतं. सोळा वर्षांची होते, सगळ्या पोरांची प्रमुख होते, आणि ज्या गावाचा मी इतका गाजावाजा केला त्या गावात मला विटांच्या पलीकडे उभं राहायचं नव्हतं.

तर त्या सकाळी दिगू माझ्यासमोर घर घेऊन उभा होता आणि मी सांगितलं, "तुमच्या घराशेजारी ठेव. आत्ता हाय तसं."

"आमच्या शेजारी? तिथं मारुतीचा पार हाय."

"पार सरकव थोडा."

दिगूनं माझ्याकडे बघितलं, पाराकडे बघितलं, आणि पार सरकवला. आमचं घर पाटलांच्या वाड्याला चिकटून बसलं.

त्या दिवसभरात निम्मी वसाहत येऊन गेली. डोणीसाठी दोन दिवस भांडलेल्या आक्का आल्या. त्यांनी पार बघितला, त्याच्या शेजारचं घर बघितलं, तोंडातली मिश्री एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि काही न बोलता गेल्या. तात्या आले. काठी दोनदा आपटली. मला वाटलं आता बोलणार. पण मी विचारलं नव्हतं, आणि नियम सगळ्यांना चांगलाच पाठ झाला होता. एरवी एकानंही तो पाळला नव्हता.

दादांच्या मात्र लक्षात आलं. पार हलला का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, प्रमुख मी आहे. त्यांनी दोन्ही हात वर केले, बरं बाई, म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारायला लागले. ती नेहमीप्रमाणे चालू होईना. ते किक मारत राहिले आणि मी गावाभोवती फेऱ्या मारत राहिले.

परीक्षक यायचे त्या दुपारी पटांगणावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. बायका घोळक्यानं आल्या होत्या. जी ती आधी आपलं घर शोधायची. सापडलं की बोट दाखवायची, शेजारणीला ओढून आणायची, इथं माझी चूल, इथं माझं जातं, ह्या दारातनं माझी सासू मला हाका मारायची. एक म्हातारी तर खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत तिथून हलेचना. दादा सारखे ओरडत होते की हात नका लावू, फक्त बघा. दिगू छाती काढून उभा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. परीक्षक लवकर यावेत आणि बघून जावेत, एवढंच मला हवं होतं.

आणि आई आली.

खुरपणीवरून तशीच आली नव्हती. घरी जाऊन, हातपाय धुऊन, भावाच्या पहिल्या पगाराची साडी नेसून आली होती. तिला बघून बायकांनी वाट दिली. तिनं नदीपासून सुरुवात केली. सावकाश, एकेक घर बघत. चावडी बघितली. देवळाच्या मागची डोण बघून म्हणाली, पिंपळाच्या डावीकडं हुती, आणि आक्कांचा चेहरा उजळला. विहिरीपाशी ती जरा जास्त थांबली. मग ओढ्यापर्यंत गेली. विटांच्या ओळीपाशी उभी राहून पलीकडच्या मोकळ्या पटांगणाकडे बघितलं आणि माघारी वळली. परत सगळी घरं बघत आली. काहीतरी शोधत होती. शेवटी पाराजवळ येऊन तिनं विचारलं, "हे कुणाचं?"

"आपलं," मी म्हटलं.

ती वाकली. त्या घराकडे, त्याच्या बोटभर ओटीकडे तिनं नीट बघितलं. आता रागावेल अशी माझी खात्री होती. रागावली असती तर सोपं गेलं असतं, मला भांडता येत होतं.

"मी रोज ओढा वलांडून पाण्याला यायची, यशे," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "ह्या घरात असती तर कशाला आली असती?"

मग ती सरळ उभी राहिली.

"तू लाजलीस, त्येचं काय न्हाय. मी पण लाजायची," आई म्हणाली. "पण ह्या सगळ्या आपापलं घर बघायला लागल्यात. मला पण माझं घर बघायचं हुतं. माझ्या हातानं सारवलेली ओटी हुती. तुझा भाऊ तिथं उभा ऱ्हायला शिकला. ती कुठाय?"

आई बघायला का येत नव्हती, याचे मी मनाशी नाना अर्थ लावले होते. तिला ते गाव नको असेल, आठवण नको असेल, अपमान नको असेल. ती आपल्या घराची वाट बघत होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आमची लाज पुसायला गेले आणि तिचं घर पुसून बसले होते.

तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. पोरं ओरडली, आले, आले. दिगू माझ्या कानाशी लागला, "आता ऱ्हाऊ दे. त्यांचं बघून झालं की मग करू." त्याचं बरोबर होतं. गाव देखणं झालं होतं, अळीव हिरवागार आला होता, पहिला नंबर कुठं गेला नसता.

मी पाराशेजारचं घर उचललं. ते वाळलं होतं, ओटीचा कोपरा माझ्या हातात तुटला. पार पहिल्या जागी सरकवला. मग ओढ्यापाशी जाऊन विटा काढायला लागले. दिगू क्षणभर बघत राहिला आणि मग दुसऱ्या टोकानं विटा काढू लागला. विटांची ओळ गेली आणि गाव एकदम पटांगणाला जाऊन मिळालं. आता घर हातात आणि समोर नुसती धूळ. कुठं ठेवायचं ते मला तरीही माहीत नव्हतं.

आईला विचारता आलं असतं. ती दोन पावलांवर उभी होती. पण मी तात्यांसमोर गेले.

"तात्या, आमची आळी कुठं हुती?"

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. सगळी वसाहत त्यांच्याकडे बघत होती. माझ्यावर उखडले असते तरी कोणी त्यांना बोललं नसतं. दादा जीपकडे निघाले होते, ते अर्ध्या वाटेत थांबले. मी विचारलं होतं, त्यामुळे तात्यांना आता नियमाच्या आड राहता येत नव्हतं.

"वरच्या अंगाला," शेवटी ते म्हणाले. त्यांनी काठी उचलून हवेतच धरली, जमिनीला टेकू दिली नाही. "न्हाय, तिथं न्हाय. आनी जरा म्होरं. हां. मधी पिंपरणीचं झाड हुतं, मोठं. त्येच्या बुडाला तुझ्या आज्याचं घर."

मी घर ठेवलं. दिगूनं ओल्या गाळाचा गोळा आणला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"त्येच्या डाव्या हाताला बंडू वाजंत्री. त्येच्या मागं रामा, येसूचा ल्योक. मग जरा मोकळी जागा, तिथं गुरं बांधायची. मग सोना म्हातारी एकटी. तिच्या घराला खिडकी न्हवती." तात्या बोलत होते आणि दिगूची बोटं चालत होती. एकही नाव ते अडखळले नाहीत. ज्या जागी चार बाभळी होत्या म्हणाले होते, तिथलं घर न् घर त्यांना पाठ होतं. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती. सोना म्हातारीचं नाव आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

घरं ठेवून झाली. ओली, काळपट, रंग नसलेली. परीक्षक जीपमधून उतरून चहा घेत उभे होते, दादांनी त्यांना कसंबसं तिथं थोपवलं होतं.

"वाट इसरलासा, तात्या," आई म्हणाली.

"कुठली वाट?"

"हिकडनं गावात यायची."

तात्यांनी मान हलवली. "वाट मला म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "मी कधी तिकडं गेलो न्हाय. काम असलं की हिकडच्या काठाला हुबं ऱ्हाऊन नावानं हाका मारायचो." मग त्यांनी काठी खाली घेतली आणि ती आता जड झाल्यासारखी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

आई पुढे आली. हात पाठीमागे बांधून, नियमाप्रमाणे. मी आमच्या ओटीपासून बोटानं मातीत रेघ ओढायला सुरुवात केली आणि ती सांगत गेली. झाडाला वळसा घाल. आता उतार. इथं ओढ्यात दगड हुते, त्यावरनं यायचं. वर चढ. देवळाच्या मागनं, म्होरनं न्हवं. आता सरळ विहिरीकडं.

माझं बोट विहिरीच्या दिशेनं गेलं. बायका बाजूला सरत होत्या. विहीर वीतभर राहिली असेल.

"थांब," आई म्हणाली. "वाट इथंपतोर हुती. इथं घागर ठिऊन उभं ऱ्हायाचं. कुणी वतलं तर घ्यायचं."

मी बोट तिथंच थांबवलं. माझ्या मागे आक्कांचा हुंदका ऐकू आला, की दुसऱ्या कोणाचा होता, मी वळून बघितलं नाही. दादा धावत आले. त्यांनी ती काळी घरं बघितली, मोडलेली विटांची ओळ बघितली, मातीतली अर्धीच रेघ बघितली आणि मला विचारलं, अजून थोडा वेळ हवा का, की आणू त्यांना.

प्रमुख मी होते. मी म्हटलं, आणा.